विहिरीत सोडलेला कान

आमच्याकडे उन्हाळा लागल्याचं ऊन सांगत नाही, सुरुंग सांगतात. होळी होते, गहू निघतो आणि कुठल्या तरी शिवारातून ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरचा कडकडाट सुरू होतो. कोणीतरी विहीर खोल करायला काढलेली असते. मग काठावर दगड वर ओढायची यारी उभी राहते, डबराचे ढीग वाढत जातात आणि भर दुपारी एक माणूस तोंडाशी हात धरून ओरडतो, "बार हाय ऽऽ बार! लांब व्हा ऽऽ!" त्या हाकेनंतर बांधावरची शेरडंसुद्धा चरायची थांबतात. धक्का आधी तळपायाला लागतो, आवाज मागून येतो.

आज सकाळी वरच्या वस्तीवरून तशीच हाक आली. मी चहाचा कप खाली ठेवला. माणसाच्या मनात अशा वेळी काय यावं? कोणाला दगड न लागो, एवढं तरी यावं. माझ्या मनात आलं, त्या विहिरीचा झरा नक्की कोणाच्या रानातून येतो?

माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो मी लपवत नाही. माझं माहेर शनीच्या शिंगणापूरच्या शिवेला लागून. घराला दार नाही, कडी नाही, अशा घरात मी वाढले. लोकांना वाटतं, तिथली माणसं किती भरवशाची! असतीलही. पण ज्या घराला कडी नाही त्या घरातल्या बाईची नजर काय असते, ते मी माझ्या आईकडून शिकले. भाकरी थापताना मान वर न करता ती सांगायची, आत्ता बाहेरून कोण गेलं आणि का गेलं. पुढे मी शिक्षिका झाले, तर एखाद्या पोराचं गणित बरोबर आलं की मी आधी त्याच्या शेजारच्याच्या वहीत डोकवायची. आणि लग्न होऊन आले ती श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून आत, लिंबाच्या बागेत आणि भावकीच्या बरोबर मधोमध. भावकीत संशय घ्यावा लागत नाही, तो सातबाऱ्याबरोबरच मिळतो.

अशा घरात आमच्या कावेरीनं जन्म घेतला आणि नोकरी धरली ती समुद्रावर. समुद्राच्या तळाखाली तेल आहे का, हे शोधणारी जहाजं असतात. ती आपल्या मागे हवेच्या बंदुका ओढत नेतात. दाबलेली हवा पाण्यात फोडायची, तिचा दणका तळापर्यंत जातो, खडकातून उलटून येतो, आणि त्या परत आलेल्या आवाजावरून खाली काय आहे ते ओळखायचं. दणका एकदा नाही, सारखा, दिवसचे दिवस. अशा जहाजावर कावेरीचं काम एवढंच की बंदुका सुरू व्हायच्या आधी पाण्यात सोडलेल्या माईकांना कान लावून बसायचं. जवळपास देवमासा किंवा डॉल्फिन आहे असं ऐकू आलं, तर "थांबा" म्हणायचं. जहाजानं थांबायचं.

"कानाची नोकरी हाय तिला," आमचे हे पारावर अभिमानानं सांगायचे. ऐकणारे हसायचे. मला मात्र पहिल्यापासून शंका होती. एवढं मोठं जहाज, एवढे मोठे साहेब, आणि आमच्या पोरीच्या एका शब्दावर थांबायचं? घरात हिच्या शब्दावर कधी पंखा बंद झाला नाही.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी सांगतेय, त्या उन्हाळ्यात कावेरी चैत्रातच घरी आली. "सुट्टी आहे," म्हणाली. किती दिवसांची, असं विचारलं तर "बघू" म्हणाली. झालं. सुट्टीला आकडा असतो, "बघू" नसतं, हे इतकी वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला कळत नाही होय? मी तिच्या पिशवीकडे पाहिलं, तर हिवाळ्याचे कपडेसुद्धा बरोबर आणलेले. फोन वाजला की ती उठून बागेत जायची. मी धुणं घेऊन बागेच्या कडेनं जायची. बायका विचारायच्या, "कवा जायची म्हनं कावेरी?" आणि मी त्यांना अगदी तिच्यासारखंच "बघू" म्हणायची.

मनात काय काय आलं म्हणून सांगू! कोणाशी जमलं असेल. कोणाशी बिनसलं असेल. आजार लपवत असेल. काही घोटाळा केला असेल. शेवटी एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर लिंबं निवडत बसलो होतो, डागी एकीकडे आणि चांगली एकीकडे, तेव्हा मी सरळच विचारलं. ती मान खाली घालून निवडत राहिली आणि निवडता निवडताच बोलली.

तिन्हीसांजेची वेळ होती. बंदुका सुरू करायच्या होत्या. तिला कानात शीळ ऐकू आली, डॉल्फिनची. एक नाही, बऱ्याच, आणि जवळ. ती "थांबा" म्हणाली. जहाज थांबलं. डेकवर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला काहीच दिसलं नाही, उजेडही जात चालला होता. दुसऱ्या दिवशी हवा फिरली, समुद्र खवळला, आणि हातातलं काम राहिलं ते राहिलंच. मग ऑफिसात चौकशी. साहेबांचं म्हणणं, पोरगी नवीन आहे, जहाजाच्या दोरांची घासाघीस ऐकली असेल, घाबरून थांबवलं. तसं तिनं कबूल करावं. चूक झाली असेल एवढं म्हणावं, आणि पुढच्या जहाजावर यावं. नाही तर घरी थांबावं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घरी थांबलेय."

मी एक डागी लिंबू चांगल्यांत टाकलं, ते पुन्हा काढलं. मग न राहवून म्हणाले, "पण कावेरी, तू खरंच ऐकलं होतंस ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तूपण?" एवढंच म्हणाली आणि पाटी उचलून आत गेली.

आता ह्यात माझं काय चुकलं? लहानपणी हिचा डावा कान फुटायचा. लसूण घालून कोमट केलेलं तेल मी ह्याच हातांनी त्या कानात सोडलेलं आहे. त्या कानानं समुद्राच्या पोटातलं ऐकलं, आणि डोळे असणाऱ्यांना काही दिसलं नाही, हे मी गपकन कसं गिळायचं? साहेब लोक लबाड असणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. पण समोरचा लबाड आहे म्हणून आपलं माणूस बरोबर ठरतं असंही नाही.

तिच्याशी बोलायचं तर त्या माशांबद्दलच बोलावं लागायचं, दुसऱ्या कशाबद्दल ती बोलत नसे. (मासे म्हटलं की रागवायची. ते श्वास घेतात आई, पिलांना दूध पाजतात.) समुद्रात थोडं खाली गेलं की उजेड संपतो, म्हणाली. मग डोळ्यांचा उपयोग नाही. वाट शोधायची कानानं, खाणं शोधायचं कानानं, चुकलेल्या पिलानं आईला शोधायचं तेही कानानंच. आणि पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा कितीतरी जोरात धावतो आणि कितीतरी लांब जातो. मला आमच्या गावची पिठाची गिरणी आठवली. गिरणी चालू असताना माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, तरी अर्धं कळत नाही. तसं जन्मभर गिरणीत राहायचं.

"काही तिथून निघून जातात," ती सांगायची. "काही खायचं सोडतात. फार खोल बुडी मारणारे जे असतात ना, ते घाबरून नको तेवढ्या घाईनं वर येतात, आणि त्यांना इजा होते असं म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? नक्की नाही?"

"किनाऱ्यावर मेलेला देवमासा सापडतो आई. तो कशानं मेला हे दर वेळी सांगता येत नाही. जवळून जहाज गेलेलं असतं, एवढंच कळतं."

हे ऐकून मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. हा संशय माझ्या ओळखीचा होता. पुरावा हाताला लागत नाही आणि मन मात्र गप्प बसत नाही, अशा जागी मी जन्मभर राहिलेय.

बंदुका एकदम सुरू करत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. आधी हळू, मग वाढवत न्यायच्या, म्हणजे जवळपासच्या जिवांना लांब जायला वेळ मिळतो. "आपल्याकडं बार उडवायच्या आधी हाक देतात ना, तसंच."

"आणि ज्याला हाक कळलीच नाही त्यानं? कळली तरी जायचं कुठं?"

ती हसली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसली. "हेच तर आम्ही विचारतोय," म्हणाली.

ह्याच दिवसांत बबनरावांनी विहीर खोल करायला काढली. बबनराव म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, बांधापलीकडचे. मला वहिनी वहिनी करतात, दिवाळीला पहिला फराळ त्यांच्याकडून येतो, आणि तो खाण्याआधी मी थोडा विचार करते. त्यांच्या विहिरीत रोज बार उडायला लागले. इकडे आमच्या विहिरीत डास होऊ नयेत म्हणून सोडलेले मासे होते. मी सकाळी भाकरीचा चुरा टाकला की ते वर यायचे, पाण्याला उकळी फुटल्यासारखं व्हायचं. पहिला बार झाला त्या दिवसापासून एकही मासा वर आला नाही. चुरा पाण्यावर तरंगून भिजून खाली जायचा. कावेरीनं काठावर वाकून दाखवलं, सगळे एका कपारीत तोंडं घालून गर्दी करून होते. बार बांधापलीकडे, मधे एवढा खडक, आणि इकडे ही गत. तिच्या त्या शीळेबद्दलचा माझा संशय त्या कपारीपाशी जरासा हलला, हे खरं.

बार संपले तसं बबनरावांनी आडवं बोअर घ्यायचं ठरवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीत पाणी कमी असलं की मशीन विहिरीच्या तळाशी उतरवतात आणि भिंतीतून आडवं भोक पाडत नेतात, लांबचा झरा आपल्याकडे ओढण्यासाठी. वरून काही दिसत नाही. भोक कोणाच्या बांधाखालून गेलं, ते फक्त खडकाला आणि ते पाडणाऱ्याला ठाऊक. आमच्या तालुक्यातली निम्मी भांडणं त्या भोकांतून निघतात. बबनराव म्हणाले, बोअर ओढ्याकडं नेतोय. ह्यांना खात्री, की ते आमच्या झऱ्याकडं येतंय. झरा तुटला तर आमची लिंबं उभ्यानं वाळणार. लिंबाची बाग धरायला किती वर्षं जातात, ती वाळायला एक उन्हाळा पुरतो.

आणि मग ह्यांना ती गोष्ट सुचली, जी फक्त आमच्या भावकीतच सुचू शकते. कावेरीजवळ तिचा स्वतःचा एक पाण्यात सोडायचा माईक होता, शिकत असताना घेतलेला. ह्यांनी पारावर जाहीर करून टाकलं, "आमची कावेरी हिरीत कान सोडनार. मशीन आमच्याकडं येतंय का न्हाई, ती सांगंल. तिनं व्हय म्हणलं तर बबन्या, तू काम थांबवायचं."

बबनराव तरी कुठे मागे हटणारे? "थांबवतो की! माझं काय चोरीचं हाय व्हय? पोरगी म्हणंल ते मान्य."

कावेरीला कोणी विचारलंच नव्हतं. पण ती तयार झाली. दुपारी लाईट गेली की सगळ्यांच्या मोटारी बंद पडतात, तेव्हाच शिवार शांत असतं. बबनरावांचं मशीन डिझेलवर, ते चालू राहणार. तर तशा दुपारी आमच्या विहिरीवर भावकी जमली. रंगनाथआबाही आले, घराण्यात सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. कावेरीनं वायर हळूहळू खाली सोडली, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले. पलीकडे मशीन सुरू झालं. एरवी ज्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही अशी माणसं तोंड मिटून माझ्या पोरीच्या तोंडाकडे पाहत बसली होती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"काय गं?" ह्यांनी विचारलं.

"येतोय आवाज. चांगला येतोय."

"मंग! मी काय म्हणत हुतो?"

"आण्णा, आवाज येतोय, एवढंच. तो आपल्याकडं सरकतोय का तिकडं चाललाय, ते नाही कळत. जहाजावर ओळीनं खूप माईक असतात, म्हणून दिशा कळते. ह्या एकट्यावर नाही कळत."

"आगं पर तुला वाटतंय काय?"

"मला काय वाटतंय ते नका विचारू आण्णा. ऐकलं तेवढं सांगितलं."

रंगनाथआबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "पोरी, तू नुसतं व्हय म्हन. म्होरचं आमी बघतो. तुज्या बापाची बाग हाय ती."

कावेरीचा चेहरा उतरला. बाग तिलाही कळत होती. तिचं शिक्षण त्याच लिंबांवर झालेलं. ती वायर गुंडाळत म्हणाली, "ऐकलंच नाही तर व्हय कसं म्हणू, आबा?"

बबनराव मोकळे हसले. "शिकली लई, पर बापाच्या कामाची न्हाई!" म्हणाले आणि उठले. मागोमाग बाकीचेही उठले. हे मात्र तिथंच बसून राहिले. "एक शबूद," ते म्हणाले, तिला नव्हे, विहिरीला. "एक शबूद बोलली आसती तर..." आणि मग ते त्या रात्री जेवले नाहीत.

मी घरात आले. मलाही राग आला होता. चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं, आणि मळता मळता माझा हात थांबला. समोर बाप होता, बाग होती, सगळी भावकी होती. "हो" म्हटलं असतं तर कोणाला पडताळता आलं नसतं. उलट शाबासकी मिळाली असती. तिच्या हातात अख्खा खोटेपणा फुकट आणून ठेवला होता आणि तिनं तो घेतला नाही. जी पोरगी बापासाठी न ऐकलेलं ऐकलं म्हणाली नाही, ती डॉल्फिनसाठी कशाला म्हणेल?

मी जन्मभर माणसांना ताडत आलेय. कोणाचा तरी खोटेपणा सापडल्याचा आनंद मला ठाऊक आहे. पण खरेपणा असा सापडला, की मला चुलीसमोर रडू फुटलं. कपाळाला पीठ लागलं ते तसंच राहिलं.

ते आडवं बोअर पुढं कुठं गेलं, आम्हाला आजही माहीत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी उतरलं, पण तसं ते सगळ्यांचंच उतरलं होतं. बांधाकडची लिंबाची ओळ वाळली. ऊन होतं म्हणून की झरा तुटला म्हणून? बबनरावांची मोटार आमच्यापेक्षा जास्त वेळ चालते, हे मी रोज पाहते. दिवाळीचा फराळ अजून येतो, आणि मी अजून थोडा विचार करून खाते. माझा स्वभाव बदलला असं कोणी समजू नये. साहेबांवर माझा भरवसा नाही, भावकीवर तर नाहीच नाही. कावेरी आता कोकणातल्या एका लहान गावात असते, कोळ्यांच्या होडीतून जाते आणि पाण्यात माईक सोडून डॉल्फिन ऐकते. पगार बेताचा, खोलीला ओल. तिथली माणसं कशी आहेत, हे मी दर फोनला विचारते.

विहिरीवरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला होता. ह्या वेळी ती बागेत गेली नाही, ओट्यावर बसूनच बोलली. मी दारात गहू पाखडत होते. पलीकडचा माणूस खूप वेळ बोलत होता, गोड आवाजात, जसं शाळेत तपासणीला आलेले साहेब बोलतात तसं. कावेरी "हां सर, हां सर" करत होती. ह्यांनी अंगणातून खूण केली, म्हण की हो, कशाला वाढवतेस. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यांचंही खोटं नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच खूण केली नाही. पाखडायची मात्र थांबले.

"नहीं सर," ती म्हणाली. "मैंने सुना था."

मग थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली, आणि फोन बंद झाला. ह्यांनी टोपी काढली, झटकली आणि ते बागेकडे निघून गेले. नोकरी गेली होती. कावेरी फोन मांडीवर ठेवून बसली. मी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिला वाटलं असणार, आता आई तोच प्रश्न विचारणार. तिनं खांदे आवळून घेतले होते.

"कसा होता गं तो आवाज?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत साहेबांनी, बापानं, मी, सगळ्यांनी ऐकलं का, खरंच ऐकलं का, एवढंच विचारलं होतं. काय ऐकलं, ते कोणीच विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"शीळ घालून दाखवावी लागेल, आई."

आमच्याकडे पोरी शीळ घालत नाहीत. रस्त्यानं बायका चालल्या होत्या, आणि समोरच्या ओट्यावर रंगनाथआबा बसलेले होते.

"घाल," मी म्हणाले.

तिनं ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसती हवाच आली, मग शीळ लागली. बारीक, वर चढत गेलेली, मधेच वळलेली, आणि शेवटी कोणाला तरी विचारल्यासारखी अधांतरी सोडलेली. रस्त्यावरच्या बायका थांबल्या. आबांनी मान वळवली.

"पुन्हा घाल," मी म्हणाले.